बार्नाचं फाटक

आज सकाळी कालव्याच्या पुलावर, लाल दिव्याला मी सायकलवरून एक पाय टेकून उभा होतो, तेव्हा समोर थांबलेल्या एका चिखलानं माखलेल्या व्हॅनच्या ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून स्टिअरिंगवरची तर्जनी उचलली. बस, एवढंच झालं. हात नाही, मान नाही, हसणं नाही. बाकीची बोटं जागच्या जागी आणि एकच वर, क्षणभर. नंबरप्लेटवर कॉर्क जिल्ह्याचं अक्षर होतं. डब्लिनमध्ये मला तीसच्या वर वर्षं झाली. इथं सिग्नलला कुणी कुणाला बोट दाखवलं तर त्याचा अर्थ वेगळा असतो आणि त्यावरून मारामाऱ्या होतात. हा बिचारा आपल्या गावच्या सवयीनं वागला. समोर माणूस दिसला की बोट वर, मग ओळखीचा असो नाहीतर नसो. मला धक्का त्याच्या बोटाचा बसला नाही, माझ्या बोटाचा बसला. विचार करायच्या आत ते हँडलवरून उठलं होतं. रविवारी जे मेल्यासारखं पडून राहिलं, तेच बोट. दिवा हिरवा झाला, व्हॅन गेली, मागून एक बाई घंटी वाजवत "झोप झाली नाही वाटतं साहेबांची" म्हणून पुढं निघून गेली. मी सायकल फुटपाथवर घेतली आणि कालव्यातल्या पाण्याकडे बघत बसलो. दुकान उघडायला वीस मिनिटं उशीर झाला.

दुकान चष्म्याचं आहे. मी लोकांचे डोळे तपासतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की मला कमी दिसतं. माझी नजर या वयातही स्वच्छ आहे. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, अक्षरं वाचू लागलं, आणि मी त्याच्या चुका मोजायच्या सोडून गावचा रस्ता बघत होतो. आमचं गाव जमिनीच्या अगदी टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र. तिथं रस्त्यावर बोट उचलणं म्हणजे शिष्टाचार नाही, ती हजेरी आहे. तू आहेस, मी आहे, चल. दिवसातून चारदा भेटलात तर चारदा. भावाभावांत बांधावरून कोर्टकचेरी चालू असली तरी बोट उचललं जातं, कारण भांडण वेगळं आणि रस्ता वेगळा. आणि एखाद्याला वाळीत टाकायचं असेल तर आमच्याकडे कुणी पंचायत भरवत नाही, शिवी देत नाही, दुकानात सामान नाकारत नाही. फक्त बोट उचलायचं थांबतात. माझ्या थोरल्या भावाला, फाक्टनाला, सदतीस वर्षं कुणी बोट उचललेलं नाही. का, ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. आमची माणसं ताकास तूर लागू देत नाहीत. म्हणून मी सांगतो. मला सगळ्यांपेक्षा नीट माहीत आहे.

ऑक्टोबर होता. मी सतरा वर्षांचा, फाक्टना चोवीसचा. घरात शर्यतीची सायकल एकच, त्यानं माशांच्या कारखान्यात दोन वर्षं राबून घेतलेली, आणि ती मला द्यायला त्यानं कधी कुरकुर केली नाही. टोकाला वळसा घालणारा रस्ता बेचाळीस मैलांचा. समुद्र डाव्या हाताला ठेवून जायचं, ही पद्धत. उलटा जातो तो टुरिस्ट. चढ इतके की शेवटी शेवटी पोटऱ्यांत गोळे येतात, आणि सगळ्यांत वाईट चढ बत्तिसाव्या मैलाला, बार्नाच्या खिंडीचा. खिंडीत रस्त्यावर आडवं लोखंडी फाटक होतं, कारण अलीकडे थेडी लिहेनची गुरं चरायची आणि पलीकडे कुंपण नव्हतं, गवताचा उतार आणि त्याखाली सरळ कडा. फाटकाची बिजागरी गेलेली. ते उचलून ओढायचं आणि गवताचे भारे बांधतात त्या निळ्या दोरीनं खांबाला बांधायचं. बंद दिसलं तर बंद ठेवायचं, उघडं दिसलं तर उघडं. आमच्या मुलांना 'आमच्या स्वर्गातल्या बापा' या प्रार्थनेच्या आधी हे शिकवतात. त्या शनिवारी फाक्टना फेरी मारून तीन वाजता घरी आला. दोन तास अडतीस मिनिटं. असा वेळ त्या रस्त्यावर कुणी दिला नव्हता. त्यानं घाम न पुसताच सायकल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "जा, बघू तुझी मजल." मी गेलो. खिंडीत पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते, वारा तोंडावर, बोटं बधिर. फाटक बंद होतं. दोरी बांधलेली होती, फाक्टनाची गाठ, दुहेरी, ओढून घट्ट केलेली. ती सोडवतानाच माझं अर्धं मिनिट गेलं आणि मी त्याला मनातल्या मनात शिवी दिली. पलीकडे गेलो. परत बांधायचं तर आणखी एक मिनिट. मी घड्याळ बघितलं. मागं धुक्यात गुरांची पाठ दिसत होती, लांब होती. मी निघून गेलो.

छत्तीस सेकंदांनी मी त्याचा वेळ मोडला. आई चहा ओतत होती. फाक्टनानं घड्याळ दोनदा बघितलं आणि मनापासून हसला, त्याला खरंच आनंद झाला होता, आणि मग त्यानं सहज विचारलं, "एवढ्या गार हातांनी गाठ बांधलीस कधी?" मी म्हणालो, "फाटक उघडंच होतं." मी हे का म्हणालो? कुणी मेलं नव्हतं तोवर, काही बिघडलं नव्हतं. नाही बांधलं म्हणालो असतो तर आईनं मला तसंच परत पाठवलं असतं, आणि त्याहून वाईट, तो वेळ धरला गेला नसता. छत्तीस सेकंदांसाठी. फाक्टनाचा कप तोंडाशी थांबला. "मी बांधलं होतं," तो म्हणाला. मी म्हणालो, "नसशील बांधलं." त्यानं आपल्या हातांकडे बघितलं, उलटेसुलटे करून, जणू ते दुसऱ्याचे होते. "मग जाऊन बांधून येतो," म्हणाला. तेव्हाच पाऊस आणि धुकं असं खाली आलं की दारातून अंगण दिसेना. आई म्हणाली, "सकाळी जा. गुरांना अक्कल असते."

गुरांना अक्कल नसते. थेडीच्या अकरा गाभण कालवडी रात्रीतून कड्यावरून गेल्या. नऊ पडताक्षणीच मेल्या, सुटल्या. दोन खालच्या कपारीत अडकल्या, पाय मोडून, जिवंत. दोन दिवस धुकं उठलं नाही, आणि दोन दिवस त्या ओरडत होत्या. मी तो आवाज शाळेत ऐकला, चर्चमध्ये ऐकला, उशी कानावर घेऊन ऐकला. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. आईनं रेडिओ मोठा केला आणि रेडिओवर त्या आठवड्यात वारलेल्यांची नावं चालली होती. तिसऱ्या दिवशी थेडी दोर कमरेला बांधून बंदूक घेऊन खाली उतरला. दोन बार झाले. वर आला, दोर नीट गुंडाळला, घरी गेला, आणि त्यानंतर तो माणूस कशातच राहिला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात वारला. फादर म्हणाले, हृदय. हृदयच म्हणायचं.

पण त्याच्या आधी, रविवारी सकाळीच, फाक्टना त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला होता. मी बरोबर होतो, दाराबाहेर. थेडीची बायको नोनी बादली घेऊन निघाली होती, ती तशीच थांबली. फाक्टना म्हणाला, "थेडी, फाटक माझ्याकडून उघडं राहिलं." सरळ, टोपी हातात घेऊन. त्याच्या हातांना आठवत होतं की गाठ बांधली. त्यानं हातांचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. थेडी म्हणाला, "बरं." नोनीनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मी तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होती. मी मूग गिळून उभा राहिलो, आणि मला, देवाशपथ सांगतो, भीतीबरोबर थोडं बरंही वाटत होतं, ओझं दुसऱ्यानं उचललं की वाटतं तसं.

त्यानंतर बोटं बंद झाली. फाक्टनाचं ज्या मुलीशी ठरत होतं, ती लिव्हरपूलला मावशीकडे गेली ती आलीच नाही. शेजारी कुणी मेलं की कबर खणायला गल्लीतली चार माणसं जातात, त्यांत त्याला कुणी बोलावलं नाही. आई गेली तेव्हा सगळं गाव रांगेनं आलं, त्याचाही हात हातात घेऊन "वाईट झालं" म्हणालं, मयताचं वेगळं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पुन्हा एकही बोट नाही. आणि हा गाढव दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की सायकल काढायचा, बेचाळीस मैल जायचा आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्वतः बोट उचलायचा. सदतीस वर्षं. नव्या पोरांना कारणही माहीत नाही. नियम तेवढा माहीत आहे. मी डब्लिनहून उन्हाळ्यात यायचो, तेव्हा मला सगळे बोट उचलायचे. "मॅलकी आला का रे, किती दिवस?" म्हणून विचारायचे. मला ते आवडायचं. हेही सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे मीच तपासले आणि मीच सांगितलं. मधलं जातं आणि कडा राहतात, असा तो रोग. माणसाकडे सरळ बघितलं तर चेहऱ्याच्या जागी डाग, भोवती केस आणि कान. गावात त्यानं कुणाला कळू दिलं नाही. आपलं झाकलेलं बरं, म्हणाला. रस्ता त्याला अंगात पाठ होता, कडेची झुडपं दिसत होती, तेवढ्यावर तो जात राहिला. या महिन्यात डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली. त्यानं मला फोन केला. "शेवटची एक फेरी मारू. तू पुढं, मी मागं." मग म्हणाला, "मला आता कुणी बोट उचललं तरी दिसत नाही, मॅल. मी हल्ली टुरिस्टांच्या बसलाही बोट दाखवतोय की काय, कुणास ठाऊक. लोक म्हणतील याचं डोकंही गेलं. म्हणून मी आपणहून उचलणं सोडलंय. तू बघ. कुणी उचललं तर सांग, म्हणजे मी उचलीन. एक मिळालं तरी पुरे. मग सायकल टांगून ठेवतो."

रविवारी चर्चच्या आवारातून आम्ही निघालो. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, फ्यूशियाच्या लाल कुंपणांना वाऱ्यानं हलवून रस्त्यावर फुलं सांडलेली. बंदराच्या धक्क्यापर्यंत वारा पाठीवर होता. पहिली पोस्टाची व्हॅन आली. माझ्याजवळ येताना ड्रायव्हरचं बोट वर झालं, आणि माझ्या मागच्या चाकापाशी खाली गेलं. मला पुढं चालवण्यातली गंमत तेव्हा कळली. प्रत्येक गाडीत तेच. माझ्यापाशी वर, त्याच्यापाशी खाली, मधलं अंतर एका सायकलीएवढं.

"उचललं?" मागून.

"नाही रे."

"पोस्टमन ना? त्याचा बाप माझ्या वर्गात होता. गणितात माझंच बघून लिहायचा." थोड्या वेळानं, "आता ही कोण?"

"डॉनोघ्यूंचा ट्रॅक्टर. नाही."

"त्याला संधिवात असेल," फाक्टना म्हणाला. "सदतीस वर्षांत निम्म्या गावाला बोटांचा संधिवात झालाय, मला आधीपासून संशय होता."

धक्क्यावर आम्ही हॅमचे सँडविच खाल्ले. त्यानं अर्ध्यावरच कागदात गुंडाळून ठेवलं. "नोनीची ती लहान लाल गाडी अजून आहे ना?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, आहे. "रविवारी ती बहिणीकडून खिंडीतूनच येते." मग खिशात हात घालून समुद्राकडे तोंड करून म्हणाला, "तिचं एकटीचं उठलं तर सगळ्यांचं उठेल बघ. बाकीचे तिच्यासाठीच धरून बसलेत." मी त्याच्याकडे बघितलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, नाक वाऱ्यानं लाल, डोळे माझ्या कानाच्या थोडे बाजूला लावलेले, कारण तसंच त्याला मी दिसतो. मला त्या क्षणी त्याचा संताप आला. खरोखर संताप. इतकी वर्षं एवढं सहन करणारा माणूस आपल्यासमोर बसलेला असला की आपल्याला जगणं अवघड होतं. त्यानं एकदा जरी आरडाओरडा केला असता, मला एक थोबाडीत दिली असती, तर मी कदाचित बोललो असतो. हीही लबाडीच. नसतो बोललो.

खिंडीचा चढ लागला. आता तिथं फाटक नाही. कौन्सिलनं रस्त्यात लोखंडी जाळी बसवली, तिच्यावरून गुरं जात नाहीत. दोन दगडी खांब तेवढे राहिलेत. आम्ही चालण्याच्या वेगानं वर चढत होतो, माझा श्वास कानात वाजत होता, आणि वरच्या वळणावरून लाल गाडी खाली आली. रस्ता अरुंद. तिनं आम्हाला बघितलं आणि गाडी त्या खांबांपाशीच बाजूला घेऊन थांबवली, आम्हाला जाऊ द्यायला. काचेमागं नोनी. पांढरे केस, चर्चमधला निळा कोट. दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि मग तिची तर्जनी वर झाली. मला वाटलं माझ्यासाठी. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. बोट वर होतं, आणि वरच होतं. कुणी इतका वेळ बोट धरत नाही. पंचाहत्तरीच्या बाईचं बोट.

"कोण थांबलंय?" फाक्टना धापा टाकत म्हणाला. "गाडीचा आवाज... नोनी आहे ना?"

"हो."

"मॅल. उचललं?"

हा चढ सावकाश चढायचा असतो, मला विचार करायला भरपूर वेळ होता. म्हणजे मी ते घाईत बोललो असं म्हणायची सोय नाही. मला दिसलं की हे बोट गेलं त्याच्याकडे की सगळं मिटलं. गाव त्याला माफ करणार, पबमध्ये त्याला पाजणार, एखादा म्हातारा म्हणणार, "काय रे फाक्टना, तू तर गाठ बांधायला पक्का, त्या दिवशी कसं काय राहिलं?" आणि तोही मोकळ्या मनानं आठवायला लागणार. सदतीस वर्षं त्या पापाला राहायला एक घर होतं. ते त्याच्या घरातून निघालं तर कुणाच्या दारात येणार, हे मला माहीत होतं. आणि याहून क्षुद्र म्हणजे, ते बोट माझ्यासाठी नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

मी मागं वळून बघितलं. त्याचं बोट हँडलवरून इंचभर सुटलं होतं, वाट बघत. ते खाली आलं आणि हँडलला घट्ट झालं. त्यानं मान खाली घातली आणि नोनीच्या खिडकीवरून, तिच्यापासून हातभर अंतरावरून, पॅडल मारत तो निघून गेला. मीही बोट उचललं नाही. गाडी जाळीवरून खडखडत खाली गेली, थोड्या अंतरावर तिचे मागचे लाल दिवे लागले, लागलेलेच राहिले, मग विझले. उरलेले दहा मैल फाक्टना काही विचारत नव्हता. घरी आल्यावर म्हणाला, "चला, झालं एकदाचं," आणि मला अंडी तळून दिली.

हे सगळं मी आज दुकानात आठवत होतो, त्या व्हॅनवाल्याच्या बोटामुळं, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

"नोनी आली होती सकाळी," तो म्हणाला. "दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तर येईना. म्हणाली, फाक्टना, मी गाडी थांबवून तुला बोट उचललं आणि तू तोंड फिरवून गेलास. थेडी गेल्यापासून मी त्यासाठी बळ गोळा करत होते, म्हणाली. आता मरेपर्यंत नाही."

माझ्या हातात सँडविच होतं, ते मी खाली ठेवलं. "मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? काही नाही. डोळ्यांचं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरोबर मॅलकी होता, त्याला तर दिसत होतं." मग म्हणाला, "तुला दिसलं नसेल."

"नाही दिसलं," मी म्हणालो.

"ऊन डोळ्यांवर आलं असेल."

रविवारी दिवसभर ऊन नव्हतं. "हो," मी म्हणालो, "ऊन होतं."

मागं त्याच्या किटलीचा आवाज येत होता. मग तो इतक्या हळू आवाजात बोलला की मला फोन कानावर दाबून धरावा लागला. "मॅल, त्या दिवशी फाटक. आता आपण दोघंच उरलो, मी कुणाला सांगायला जाणार नाही. मला फक्त माहीत करून घ्यायचंय."

दुकानाच्या काचेबाहेर ट्राम थांबली, माणसं उतरली, चढली, ट्राम गेली. मी चौपन्न वर्षांचा आहे. मला एक शब्द बोलायचा होता.

"उघडंच होतं," मी म्हणालो.

"बरं," फाक्टना म्हणाला. थेडी म्हणाला होता तसंच. मग रोजच्या आवाजात, "सायकल टांगली शेडमध्ये. निळी दोरी होती पडलेली, तीच घेतली. डोळे मिटून गाठ मारली, दुहेरी. मग लोंबकळून बघितलं. माझी गाठ अजून सुटत नाही रे."

त्यानं फोन ठेवला. दोन वाजता एक बाई आली, खुर्चीत बसली, आणि एक डोळा झाकून मी काय विचारतो याची वाट बघू लागली.